कामगाराची वर्गणी आणि राजकारण



कामगार आपल्या संघटनेला दरमहा जी वर्गणी देतो ती कशासाठी देतो, असे त्याला कोणी विचारले तर तो सहसा उत्तर देईल की पगारवाढीसाठी, बोनससाठी, आणि उद्या कामावरून काढले तर पाठीशी कोणीतरी उभे राहावे म्हणून. आता त्याच वर्गणीतून एखाद्या पक्षाच्या उमेदवाराची पत्रके छापली गेली, त्याच्या सभेचा मांडव घातला गेला, किंवा निवडून गेलेल्या प्रतिनिधीचा चरितार्थ चालविला गेला, तर त्यासाठी त्या कामगाराची निराळी संमती घ्यावयास हवी काय? प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु बहुमताने घेतलेल्या निर्णयाने अल्पमतातल्या माणसाच्या मताला कोठवर बांधता येते, हा जुना आणि अवघड प्रश्न त्याच्या पोटात आहे. म्हणूनच एका वर्षाच्या तेरा पेन्यांवरून सुरू झालेला तंटा इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जाऊन पोहोचला.

तो तंटा उभा केला वॉल्टर ऑस्बर्न नावाच्या माणसाने. लंडनमधील क्लॅप्टन या रेल्वे स्टेशनावर तो हमालांचा मुकादम होता. रेल्वे नोकरांच्या संघटनेच्या वॉल्थमस्टो शाखेचा तो चिटणीस होता, म्हणजे संघटनेचा शत्रू मुळीच नव्हता. मात्र राजकारणात त्याचा ओढा उदारमतवादी पक्षाकडे होता आणि समाजवाद त्याला अमान्य होता. त्याच्या संघटनेने नियम केला की पार्लमेंटातील प्रतिनिधित्वासाठी प्रत्येक सभासदाने वर्षाला एक शिलिंग एक पेनी द्यावयाची आणि संघटनेच्या उमेदवाराने मजूर पक्षाच्या अटी मान्य करावयाच्या. ऑस्बर्नचे म्हणणे इतकेच होते की ज्या पक्षाला मी मत देणार नाही त्याच्यासाठी माझ्याकडून सक्तीने पैसे घेऊ नयेत. पहिल्या न्यायालयात तो हरला, अपिलात जिंकला, आणि डिसेंबर १९०९ मध्ये उमरावसभेने, जी त्या काळी तेथील अखेरचे न्यायपीठही होती, त्याच्याच बाजूने निकाल दिला.

आता या निकालाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण तो पुष्कळदा संमतीच्या तत्त्वाचा विजय म्हणून सांगितला जातो आणि तसा तो नव्हता. न्यायमूर्तींनी सभासदाची संमती घ्या असे म्हटले नाही. कायद्याने कामगार संघटनेची जी व्याख्या केली आहे तीत राजकारण येत नाही, सबब राजकारणावर खर्च करण्याचा अधिकारच संघटनेला नाही, असे बहुतेकांनी म्हटले. म्हणजे संघटनेचे सर्वच्या सर्व सभासद एकमुखाने पैसे द्यावयास तयार असते तरी तो खर्च बेकायदाच ठरला असता! लॉर्ड शॉ या एका न्यायमूर्तींनी मात्र निराळ्या मुद्द्यावर बोट ठेवले: पार्लमेंटच्या सभासदाला पैशाच्या बळावर एखाद्या पक्षाच्या हुकुमात बांधून ठेवणे हे लोकप्रतिनिधीच्या स्वातंत्र्याला बाधक आहे, असे त्यांचे मत पडले.

त्या वेळी पार्लमेंटच्या सभासदांना वेतन नसे. जमीनदाराचा किंवा गिरणीमालकाचा मुलगा स्वतःच्या पैशावर लंडनला राहू शके. खाणीतून आलेला मजूर राहू शकत नसे. संघटनेच्या पैशावरच हे मजूर प्रतिनिधी जगत, आणि निकालामागून एकामागून एक मनाई हुकूम निघू लागले तेव्हा त्यांच्यापैकी कित्येकांचा आधारच तुटला. त्याआधी, १९०१ साली, याच रेल्वे संघटनेला टॅफ व्हेलच्या खटल्यात संपाच्या नुकसानीपोटी मोठा भुर्दंड पडला होता, आणि भरपाईची रक्कम २३,००० पौंडांच्या घरात गेली होती. राजकारणात गेल्याशिवाय आपला संपाचा हक्कदेखील शाबूत राहत नाही हा धडा कामगारांना न्यायालयानेच शिकविला होता, आणि आता तेच न्यायालय राजकारणाचे दार बंद करीत होते. एका ऑस्बर्नच्या मताची बूज राखताना हजारो इतरांच्या मताचे काय, हा कामगारांचा प्रश्न मला तितकाच न्याय्य वाटतो.

यातून वाट निघाली ती दोन टप्प्यांनी. १९११ साली पार्लमेंटच्या सभासदांना वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू झाले. आणि १९१३ साली जो कायदा झाला त्याने एक तडजोड घालून दिली, जी पुढे पुष्कळ देशांना मार्गदर्शक ठरली. संघटनेला राजकारणावर खर्च करावयाचा असेल तर तिने प्रथम सर्व सभासदांचे गुप्त मतदान घ्यावे. बहुमत मिळाल्यास राजकीय निधी अगदी वेगळा ठेवावा, सामान्य निधीतली एक पैही त्यात जाता कामा नये. आणि ज्या सभासदाला हा निधी नको असेल त्याने तसे लिहून दिल्यास त्याला त्या वर्गणीतून सूट मिळावी. सूट घेतली म्हणून त्याला संघटनेच्या कोणत्याही लाभापासून वंचित करता येणार नाही. समुदायाचा निर्णय बहुमताने आणि व्यक्तीची सुटका तिच्या इच्छेने, अशी ही दुहेरी योजना होती. ऑस्बर्नला मात्र तिचा उपयोग झाला नाही. दरम्यान त्याच्या संघटनेने त्याला काढून टाकले होते, आणि त्यासाठी त्याला दुसरा खटला लढावा लागला.

येथपर्यंत सारे सरळ आहे. खरी गुंतागुंत पुढे आहे, आणि ती "लिहून दिल्यास" या दोन शब्दांत आहे.

१९२६ साली इंग्लंडात सार्वत्रिक संप झाला आणि फसला. दुसऱ्याच वर्षी हुजूर पक्षाच्या सरकारने कायदा बदलला. नवा नियम असा की ज्याला राजकीय निधीला पैसे द्यावयाचे आहेत त्याने तसे लिहून द्यावे. ज्याने काहीच लिहून दिले नाही त्याच्याकडून काही घेऊ नये. म्हणजे आधी नकार देणाऱ्याला लेखणी उचलावी लागे, आता होकार देणाऱ्याला. तत्त्वतः दोन्ही पद्धतींत कोणावरही सक्ती नाही. प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणण्याची मोकळीक दोन्हीकडे सारखीच. पण परिणाम पहा. १९२६ साली संघटनांच्या द्वारे मजूर पक्षाशी संलग्न असलेल्या कामगारांची संख्या सुमारे ३३ लाख होती. १९२८ साली ती २० लाखांवर येऊन ठेपली. संपाच्या अपयशामुळे संघटनांची एकंदर सभासदसंख्याही घटली होती हे खरे, परंतु तेवढ्याने इतकी मोठी घसरण समजत नाही. पुढे ॲटलींच्या मजूर सरकारने १९४६ साली तो कायदा रद्द करून १९१३ ची पद्धत पुन्हा आणली. तेव्हा १९४६ साली सुमारे २६ लाख असलेली ही संख्या एका वर्षात ४३ लाखांच्या पुढे गेली.

हे मधले लक्षावधी लोक कोण? १९२७ साली ते हुजूर पक्षाचे झाले आणि १९४६ साली परत मजूर पक्षाचे झाले असे कोणी म्हणणार नाही. ते आपल्या जागीच होते. ते खाणीत उतरत होते, आगगाड्या हाकीत होते, संध्याकाळी दमून घरी येत होते, आणि चिटणिसाने दिलेला कागद भरावयाचा राहून जात होता. मौन म्हणजे संमती असे आपण लग्नकार्यापासून सभेपर्यंत सर्वत्र मानीत आलो आहोत. परंतु येथे त्याच माणसांचे तेच मौन एका कायद्याखाली होकार म्हणून मोजले गेले आणि दुसऱ्या कायद्याखाली नकार म्हणून. दोन्ही पक्षांनी या मौनाचे पैसे मोजले, आणि दोघांनीही ते स्वातंत्र्याच्या नावाने मोजले. इंग्लंडात हा खेळ अजून चालूच आहे. २०१६ साली हुजूर सरकारने नव्या सभासदांपुरती होकार लिहून देण्याची अट पुन्हा घातली. २०२५ साली मजूर सरकारने केलेल्या कायद्याने ती काढून नकार लिहून देण्याची जुनी पद्धत पुन्हा आणली. सत्ता बदलली की कागद उलटतो.

मधल्या काळातली एक घटना मात्र मला फार बोलकी वाटते. थॅचरबाईंच्या सरकारने १९८४ च्या कायद्याने असे ठरविले की ज्या संघटनांपाशी राजकीय निधी आहे त्यांनी तो चालू ठेवण्यासाठी दर दहा वर्षांनी सभासदांचे गुप्त मतदान घ्यावे. हे निधी आता बुडणार अशीच अनेकांची अटकळ होती. १९८३ च्या निवडणुकीत असंख्य कामगारांनी खुद्द थॅचरबाईंच्याच पक्षाला मते दिली होती. प्रत्यक्षात १९८५ आणि १९८६ मध्ये मतदान झाले तेव्हा निधी असलेल्या एकूण एक संघटनांच्या सभासदांनी तो ठेवावा असाच कौल दिला. मतदान घ्यावयाचे म्हणून पुढाऱ्यांना वर्षानुवर्षांत प्रथमच कारखान्यात जाऊन, हा पैसा कशाला लागतो, कायदेमंडळात आपले कोणी असले तर काय होते, हे समजावून सांगावे लागले. विचारले तर लोक नाही म्हणतील या भीतीने जे विचारीतच नाहीत त्यांनी या निकालाचा विचार करावा.

अमेरिकेत प्रश्न निराळ्या वळणाने गेला, कारण तेथे सभासद नसलेल्या नोकरालाही, संघटना त्याच्या वतीने वाटाघाटी करते म्हणून, काही रक्कम द्यावी लागे. तिच्यातून राजकारणाचा हिस्सा वगळण्याचा हक्क न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने दिला, आणि २०१८ च्या जेनस खटल्यात तेथील सुप्रीम कोर्टाने पाचास चार मतांनी सरकारी नोकरांपुरती ती रक्कमच अवैध ठरविली. सरकारशी करावयाचा पगाराचा करार हादेखील राजकीय विषयच आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. या युक्तिवादाने संमतीचे रक्षण होण्याऐवजी संघटनेचेच खच्चीकरण होते असे माझे मत आहे. पण आपल्याकडे तशी सक्तीची वसुली नसल्याने त्याच्या तपशिलात शिरत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या मालकांनी संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध न्यायालयातून मनाई हुकूम मिळविला, तेव्हा संघटना करणे हाच जणू अपराध ठरतो की काय अशी स्थिती झाली. नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी कायदा करावा असा ठराव आणला. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि गिरणगावच्या चाळींतून रात्रशाळा व वाचनालये चालविणारे हेच ते ना. म. जोशी. ठरावानंतर पाच वर्षांनी, १९२६ साली, कायदा झाला. त्याचे पंधरावे कलम सामान्य निधी कशावर खर्चावा ते सांगे: कचेरीचा खर्च, कोर्टकज्जे, मालकाशी तंटे, आजारपण, म्हातारपण, मृत्यू, सभासदांच्या मुलांचे शिक्षण, आणि कामगारांच्या प्रश्नांची चर्चा करणारे नियतकालिकसुद्धा. सोळावे कलम राजकीय निधीचे. उमेदवाराचा निवडणूक खर्च, निवडून आलेल्या प्रतिनिधीचा चरितार्थ, मतदारांची नोंदणी, राजकीय सभा आणि पत्रके यांसाठी निराळा निधी उभारावा, तो निराळ्या वर्गणीतूनच उभारावा, कोणाही सभासदावर त्याची सक्ती नसावी, न देणाऱ्याला कोणत्याही लाभात उणे धरू नये, आणि या वर्गणीवर सभासदत्व अवलंबून ठेवू नये. न देणाऱ्याला त्या निधीच्या कारभारात बोलता येणार नाही, एवढाच काय तो अपवाद.

म्हणजे इंग्लंडने १९२७ साली जे केले त्याच्या जवळपासचे आपण वर्षभर आधीच केले होते: पैसे वेगळे मागावयाचे, आणि जो देईल त्याचेच घ्यावयाचे. पण १९१३ च्या इंग्रजी कायद्याचा जो पूर्वार्ध होता, सर्व सभासदांचे गुप्त मतदान, तो मात्र आपल्या कायद्यात आला नाही. व्यक्तीला नकाराचा हक्क मिळाला. राजकारणात पडावयाचे की नाही आणि कोणत्या, हे ठरविण्याचा समुदायाचा हक्क कागदावर उमटलाच नाही. ही उणीव लहान नाही. व्यक्तीचा हक्क एकट्याने, चिटणिसासमोर उभे राहून बजावावा लागतो. समुदायाचा हक्क पेटीत चिठ्ठी टाकून.

इतकी चांगली तरतूद असताना सोळाव्या कलमाचे नाव कामगारांच्या बैठकीत क्वचितच का ऐकू येई? माझ्या मते याचे कारण आपल्या चळवळीच्या जन्मातच आहे. इंग्लंडात संघटना आधी आल्या, आणि त्यांनी १९०० साली लंडनमध्ये समाजवादी मंडळींसह परिषद भरवून पुढे मजूर पक्ष म्हणून ओळखली गेलेली समिती स्थापिली. तेथे पक्ष हे संघटनांचे अपत्य. आपल्याकडे पुष्कळदा उलट झाले. १९२० साली लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत आयटक स्थापन झाली, १९२९ साली नागपुरात ती फुटली ती राजकीय मतभेदांवर, १९४७ साली काँग्रेसच्या मंडळींनी इंटक काढली, १९४८ साली समाजवाद्यांच्या पुढाकाराने हिंद मजदूर सभा आली आणि १९५५ साली भोपाळला भारतीय मजदूर संघ. १९२६ च्या कायद्याने संघटनेचे निम्म्यापर्यंत पदाधिकारी बाहेरचे असू शकत, आणि हे बाहेरचे म्हणजे बहुधा कोणत्या तरी पक्षाचे कार्यकर्ते. त्यांनी तुरुंगवास भोगले, लाठ्या खाल्ल्या. त्यांच्यावाचून गिरणी कामगार उभाच राहिला नसता, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु वर्गणी किती? १९६० साली दुरुस्ती होऊन किमान वर्गणी महिना २५ नवे पैसे ठरली. २००१ च्या दुरुस्तीने ती सामान्य कामगाराला वर्षाला १२ रुपये झाली. एवढ्या वर्गणीवर कोणता पक्ष निवडणूक लढविणार? पैशाचा ओघ आपल्याकडे संघटनेकडून पक्षाकडे फारसा वाहतच नव्हता.

मग कामगाराकडून राजकारणासाठी काय घेतले जात होते? त्याचे नाव, त्याची गर्दी आणि त्याचा दिवस.

आमच्या इंदुराचेच उदाहरण घ्या. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत येथे होमी दाजी अपक्ष म्हणून उभे होते आणि त्यांच्यासमोर काँग्रेसचे रामसिंहभाई वर्मा. एकाच्या मागे लाल बावटा, दुसऱ्याच्या मागे इंटक. दोघेही गिरणी कामगारांचेच पुढारी. निवडून आले दाजी. त्या वेळी मालवा, राजकुमार, हुकुमचंद या गिरण्यांच्या फाटकांतून पाळी सुटल्यावर जे हजारो लोक बाहेर पडत, त्यांतला एखादा इंटकचा सभासद दाजींना मत देत असेल आणि एखादा लाल बावट्याचा माणूस काँग्रेसला. मत गुप्त असल्याने त्याला ते शक्य होते. पण संघटनेच्या पत्रकावर "आमचे इतके हजार सभासद अमक्यांच्या पाठीशी आहेत" असे छापले जाई तेव्हा त्या संख्येत तोही मोजला जात होता. त्याचा एक पैसाही राजकीय निधीत गेला नसेल. त्याचे नाव मात्र गेले. सोळाव्या कलमात या नावाला संरक्षण नव्हते.

याचा अर्थ संघटनांनी राजकारण सोडावे असा काही लोक काढतील. मी काढीत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप केला, तो कोणत्या गिरणीमालकाविरुद्ध नव्हता. मुंबई कायदेमंडळापुढे आलेल्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध होता. संपाचा हक्कच त्या विधेयकाने आवळला जात होता. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन, एरवी ज्यांचे फारसे पटत नसे, त्या दिवशी एकत्र आले. हे राजकारण नव्हते काय? होतेच. आणि पगाराइतकेच ते कामगाराच्या पोटाशी निगडित नव्हते काय? तेही होते. किमान वेतन, भविष्यनिधी, प्रसूतिरजा, कामाचे आठ तास यांतले काहीही एकट्या कारखान्याच्या फाटकावर मिळालेले नाही. ते कायदेमंडळातून आले. म्हणून कायद्यासाठी लढणे आणि पक्षासाठी लढणे यांत जी रेघ आहे ती कोठे ओढावयाची, हाच खरा अवघड भाग. ती रेघ सोवळ्याने ओढता येत नाही. विधेयकाला विरोध करणारे पत्रक सामान्य निधीतून छापावे हे मला योग्य वाटते. तेच पत्रक अखेरीस अमुक पक्षाच्या निशाणीवर शिक्का मारा असे सांगू लागले की ते दुसऱ्या निधीत गेले पाहिजे.

कामगाराच्या दिवसाची गोष्ट याहून गंभीर आहे. पैशाची वेगळी पावती फाडता येते, संपाची येत नाही. संपाने बुडालेली मजुरी ही कामगाराने दिलेली सर्वांत मोठी वर्गणी असते, मग तो संप बोनससाठी असो वा एखादे सरकार पाडण्यासाठी. आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यासारखी व्यवस्था जेथे होती, एका धंद्यात एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटीचा अधिकार, तेथे "पटत नसेल तर संघटना सोडा" हे उत्तर पोकळ ठरते. सोडणाऱ्यालाही तिच्या सहीचा करार बांधतोच. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे संपावर गेले, त्यामागे या व्यवस्थेविरुद्धचा साचलेला संतापही होता. ज्यांना ते आपले मानीत नव्हते ती संघटना, काँग्रेसशी जोडलेली, कायद्याने त्यांच्या वतीने बोलत होती. त्या संपाचा शेवट काय झाला हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नको. इंदूरच्याही कित्येक घरांना गिरण्या बंद पडणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. महाराष्ट्राने १९७१ साली केलेल्या एका कायद्यात मान्यताप्राप्त संघटनेने संपाची नोटीस देण्याआधी बहुसंख्य सभासदांची मते घ्यावीत अशी अट घातली होती. ती सर्वत्र असती आणि मनापासून पाळली गेली असती तर आपल्या कामगार चळवळीचा इतिहास थोडा निराळा लिहावा लागला असता, असे मला वाटते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे: संमती हवी, पण ती मौनातून काढलेली नसावी, इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही. सभासद होताना जो अर्ज भरावयाचा असतो त्यावरच स्पष्ट प्रश्न असावा की राजकीय निधीला द्यावयाचे आहे की नाही, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून अर्ज पुरा समजू नये. निधी ठेवावयाचा की नाही यावर ठरावीक वर्षांनी गुप्त मतदान व्हावे. होकार असो वा नकार, तो चिटणिसाच्या वहीत सर्वांना दिसेल असा राहू नये. कारण शेजारच्या मागावर काम करणाऱ्यानेच वर्गणी गोळा करावयाची, आणि त्यालाच "मी देत नाही" असे सांगावयाचे, हा संकोच सक्तीपेक्षा फारसा वेगळा नसतो. या पद्धतीने संघटनांना पैसे कमी मिळतील. मिळोत. जे मिळतील ते मागून घेतलेले असतील.

येथे कोणी विचारील की हा सोवळेपणा कामगारापुरताच का? कंपनी जेव्हा पक्षाला देणगी देते तेव्हा भागधारकाला कोण विचारतो? प्रश्न रास्त आहे. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल मागितला. मुंबई उच्च न्यायालयाला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तो अमान्य करता आला नाही, परंतु मुख्य न्यायाधीश छागला यांनी निकालपत्रात या प्रथेपासून लोकशाहीला असलेल्या धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. त्यानंतर कायद्याने १९६० साली मर्यादा घातली, १९६९ साली पूर्ण बंदी केली, १९८५ साली ती उठविली, २०१७ साली मर्यादाच काढून निवडणूक रोखे आणले, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ते रोखे आणि मर्यादा काढणे दोन्ही घटनाबाह्य ठरविले. या सगळ्या उलथापालथीत संचालक मंडळाचा ठराव पुरेसा मानला गेला. एकेका भागधारकाला नकार देण्याची मुभा कधीच आली नाही. सोळाव्या कलमाने हमालाला दिलेला हक्क लक्षाधीश भागधारकाला नाही, ही गंमत आहे खरी. पण भागधारक नाखूष झाला तर बाजारात जाऊन शेअर विकू शकतो. कामगाराला आपली नोकरी विकता येत नाही, म्हणून त्याचा हक्क काढून घेण्याऐवजी भागधारकाला तो द्यावा, हेच मला बरे वाटते.

अखेरीस एका ताज्या बदलाकडे लक्ष वेधतो. १९२६ चा कायदा आता राहिलेला नाही. औद्योगिक संबंधांची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्या पंधराव्या कलमात हे जुने तत्त्व कायम आहे: वेगळा निधी, वेगळी वर्गणी, सक्ती नाही, न देणाऱ्याचे नुकसान नाही. मात्र एक गोष्ट पालटली. सामान्य निधी कशावर खर्चावा आणि राजकीय निधी कशावर, याच्या ज्या दोन याद्या पूर्वी कायद्यातच होत्या, त्या आता सरकारने करावयाच्या नियमांवर सोपविल्या आहेत. कायद्यातली यादी बदलावयाची तर संसदेत चर्चा होते, विरोधी पक्ष बोलतो, वर्तमानपत्रे लिहितात. नियमांतली यादी राजपत्रातल्या एका अधिसूचनेने बदलते. आणि ती अधिसूचना काढणारे सरकार, कोणतेही असो, कोणत्या तरी पक्षाचेच असते. कामगारांच्या राजकारणाची व्याख्या त्याने करावयाची आहे. संघटनांच्या चिटणिसांनी हे नियम मिळवून वाचावेत, आणि आपल्या सभासदांना ते सभेत वाचून दाखवावेत.